किशोरवयीन मुलांसोबत ‘डेडपूल’ पाहावा का? आपले अनुभव लिहा

कर्दळ
परवा भाच्याच्या दप्तरावर डेडपूल या चित्रपटातल्या सुपरहिरोचा तो लाल-काळा मुखवटा पाहिला आणि २०१८ सालचा मे महिना आठवला. तेव्हा नववीत जाणारा माझा मुलगा ‘डेडपूल २’साठी हट्ट धरून बसला होता, परंतु चित्रपटाला ‘ए’ प्रमाणपत्र होते आणि आपल्याकडे आई-वडील सोबत असले तरी अठरा वर्षांखालील मुलांना अशा चित्रपटाला प्रवेश नसतो. पुढे घरी पहिला भाग पाहण्याचा विषय निघाला, तेव्हा मी तो आधी एकटीने पाहिला. चावट संवादांची मला धास्ती होती, पण त्याहून अधिक अस्वस्थ केले ते प्रयोगशाळेतल्या छळाच्या प्रसंगांनी. मुलाला तो अकरावीनंतर दाखवला. आपण काय ठरवलेत, आणि कशाच्या आधारे?

टेम्सकाठी
ब्रिटनमध्ये या चित्रपटांना १५ चे प्रमाणपत्र आहे, त्यामुळे चौदा वर्षांच्या लेकीला मी स्वतः घेऊन गेले तरी तिला आत सोडत नाहीत. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या माझ्या नणंदेला मात्र, तिथल्या ‘आर’ श्रेणीत सतरा वर्षांखालील मुलांना पालकांसोबत प्रवेश असल्याने, तेवढ्याच वयाच्या मुलाला सोबत नेता आले. इथल्या चित्रपट प्रमाणन मंडळाच्या संकेतस्थळावर हिंसा, भाषा आणि लैंगिकता कोणत्या स्वरूपाची आहे हे थोडक्यात दिलेले असते. मला वयाच्या आकड्यापेक्षा त्या चार ओळींचा उपयोग जास्त होतो.

सह्यकडा
मी आठवी-नववीला शिकवते, म्हणून जरा कडक लिहिते आहे, राग मानू नये. पडद्यावर नायक वेड (म्हणजेच डेडपूल) आणि त्याची प्रेयसी व्हनेसा एकमेकांशी जे बोलतात, ते दोन प्रौढ माणसांचे परस्परांना मान्य असलेले बोलणे आहे. तेच वाक्य एखादा मुलगा मधल्या सुट्टीत वर्गातल्या मुलीला ऐकवतो तेव्हा ती मान खाली घालून बसते, आणि बाकीचे हसतात. हे मी पाहिले आहे आणि त्या मुलीच्या आईशी बोलताना मला शब्द सापडत नव्हते. त्यामुळे चौदाव्या वर्षी नको, हे माझे ठाम मत आहे.

घाईत_आहे
कुकर लावला आहे, त्यामुळे थोडक्यात लिहितो. डिसेंबर २०१८ मध्ये दुसऱ्या भागाचीच सौम्य केलेली, पीजी-१३ (तेरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांनी सावध राहावे) श्रेणीची आवृत्ती अमेरिकेत आली होती. धाकट्यांसाठी ती शोधून पाहावी.

जुना_ओढा
आमच्याकडे प्रश्न वेगळाच निघाला. माझ्या वडिलांच्या कर्करोगावर उपचार चालू असताना सतरा वर्षांच्या मुलाने हा चित्रपट माझ्यासोबत पाहिला. वेडला आजाराचे निदान सांगितले जाते आणि तो डॉक्टरांऐवजी व्हनेसाचा चेहरा न्याहाळत राहतो, तिथे मुलाने चित्रपट थांबवला आणि आजोबांविषयी प्रथमच मोकळेपणाने विचारले. शिवीगाळ आणि नग्नता आहेच, ती मी नाकारत नाही. पण त्या संध्याकाळी आम्ही दोघे जे बोललो ते मला फार मोलाचे वाटते. अर्थात तो सतरा वर्षांचा होता. सह्यकडा, तुमच्या वर्गातल्या वयाबद्दल मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे.

उंबरठा
जुना_ओढा, वडिलांची प्रकृती आता कशी आहे? माझ्या सासूबाईंचेही उपचार सुरू आहेत, म्हणून विचारले.

जुना_ओढा
आता बरे आहेत, सकाळी फिरायला जातात. सासूबाईंना लवकर आराम पडो.

टेम्सकाठी
भारतात आता ‘यूए’चे (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या श्रेणीचे) ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाले आहेत ना? मग असे चित्रपट १६+ मध्ये बसतील का?

सह्यकडा
२०२४ च्या नियमांनी ती विभागणी झाली, परंतु ‘ए’ श्रेणी तशीच कायम आहे आणि त्याच वर्षी आलेल्या तिसऱ्या भागालाही ‘ए’च मिळाले. ओटीटीवर १३+ आणि त्यावरील आशयासाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणे बंधनकारक आहे. पालकसभेत मी ते कसे लावायचे हे आवर्जून दाखवते.

कर्दळ
सह्यकडा, मधल्या सुट्टीचा प्रसंग वाचून मी धाकटीशी बोलले. ती पंधरा वर्षांची आहे आणि तिच्या वर्गातही असेच चालते, हे तिने आज पहिल्यांदाच सांगितले. चित्रपटाचे नंतर पाहू. उद्या तिच्या वर्गशिक्षिकेला भेटायला जाते आहे.