मदत हवी आहे : शाळेच्या रजिस्टरांचे स्कॅन शेअरपॉइंटवर नेताना नावं बिघडताहेत

नमस्कार मंडळी,

ठाण्यात नौपाड्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात मी काम करते. २६ जुलै २००५च्या पावसात तळमजल्यावर पाणी शिरून आमची जनरल रजिस्टरं (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या नोंदींची) भिजली होती. वाळवून जी हाती लागली ती नंतर स्कॅन करून घेतली. आज त्यातल्या कित्येक पानांवरची शाई पार उडालीये, वाचता येतं ते फक्त स्कॅनमध्ये.

असे सुमारे ६२ हजार स्कॅन आहेत. सॉफ्टवेअर एका ओळखीच्या प्रोग्रामरने बनवून दिलेलं, तो आता हे काम करत नाही. सर्व्हर विंडोज सर्व्हर २००८चा, त्याचा सपोर्ट जानेवारी २०२०मध्येच संपला. त्यामुळे संस्थेने शेअरपॉइंटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन फाइलसाठ्यावर, जायचं ठरवलंय.

फाइलींना नावं नाहीत, नुसते आकडे आहेत. ००४१७३ हे कोणाचं पान, कुठलं रजिस्टर, प्रवेशाची तारीख काय, हे सगळं वेगळ्या डेटाबेसमध्ये. ही सांगड तुटली तर हाती उरतील ६२ हजार निनावी चित्रं. गेल्या महिन्यात एक काका वडिलांच्या १९५८च्या नोंदीचा उतारा मागायला आले होते. मुलीची जात पडताळणी त्यावर अडली होती. दहा मिनिटांत पान सापडलं. उद्या असं कोणी आलं आणि "सापडत नाही" म्हणावं लागलं तर? मला तेवढं होऊ द्यायचं नाही.

चाचणी म्हणून ५०० नोंदी नेल्या. ब्राउझरमधून फाइल चढवली की बदलाची तारीख आजची पडते, म्हणून पीएनपी पॉवरशेलने (शेअरपॉइंटला आज्ञा देण्याचं साधन) फाइल आणि तिचे कॉलम, म्हणजे माहितीचे रकाने, एकत्रच चढवले. एका यादीत ५,०००च्या वर नोंदी गेल्या की फिल्टर अडतो, तेव्हा रजिस्टर क्रमांकाच्या कॉलमला आधीच इंडेक्स लावलाय. जुना फाइल क्रमांकही स्वतंत्र कॉलममध्ये ठेवलाय. इथवर ठीक आहे.

गाडी अडलीये ती नावांवर. डेटाबेसमधली नावं युनिकोड (संगणकावर अक्षरं साठवायची आजची सर्वमान्य पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. त्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवतात, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचंही तसंच उलटसुलट. त्यामुळे युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून 'शिर्के' बाहेर आलं की ओळखू येत नाही. 'कुऱ्हाडे'ची तऱ्हा निराळीच. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एक लिहून शोधलं तर दुसऱ्या प्रकारे साठवलेलं नाव सापडत नाही.

हे काम कोणी केलंय का? कन्व्हर्टरनंतर अशी नावं एकसारखी करून घेणारी स्क्रिप्ट कोणाकडे असेल तर कृपया द्या. दुसरं म्हणजे, राजपत्रानंतर नाव बदललेल्या काही विद्यार्थ्यांची पानं जुनी आणि दुरुस्त अशी दोन-दोन आहेत. ती एकाच फाइलच्या आवृत्त्या म्हणून ठेवावीत की वेगळ्या फाइली? उतारा देताना दोन्ही तारखेसह दाखवाव्या लागतात.

आणि जुना सर्व्हर लगेच बंद करा असं वरून सांगणं आलंय. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ (फाइल जशीच्या तशी आहे का हे तपासायचा, तिच्यावरून काढलेला ठसा) दोन्हीकडे जुळवून झाल्यावर तो बंद करणं पुरेसं सुरक्षित आहे, की एक दाखल्यांचा हंगाम, म्हणजे पुढचा जून-जुलै, पार पडेपर्यंत तो चालू ठेवायचा आग्रह धरू?