ब्रेक लावूनही पलंग सरकतो : चाकांना तेल द्यावे का?

प्रश्न (वॉर्ड प्रभारी परिचारिका)
आमच्या वॉर्डातील काही पलंगांचे ब्रेकचे पेडल पूर्ण दाबलेले असूनही, रुग्णाला स्ट्रेचरवरून पलंगावर घेताना पलंग सरकतो, मध्ये फट पडते आणि रुग्णाचा सारा भार आमच्या हातांवर येतो. चाके कुरकुरतात म्हणून परिचर त्यांत तेल सोडतात आणि ट्रॉल्या पाण्याच्या झोताखाली धुतात. हे योग्य आहे का? तसेच चाक दुरुस्त करावे की बदलावे, हे आम्हाला कसे ओळखता येईल?

उत्तर (देखभाल तंत्रज्ञ)
पलंग कसा सरकतो हे आधी पाहावे, कारण दोष कुठे आहे हे त्यावरूनच कळते. चाक न फिरता पलंग जागच्या जागी डोलून थोडा बाजूला जात असेल, तर ब्रेक केवळ चाकाचे फिरणे रोखत आहे आणि चाकाला धरणारा काटा उभ्या खुंटीभोवती मोकळा वळत आहे, असे समजावे. काही चाकांची रचनाच तशी असते, तर काहींत काट्याला अडवणारे दाते झिजलेले असतात. चाक घट्ट अडूनही पलंग घसरत असेल, तर दोष ओल्या फरशीचा किंवा जुने होऊन कडक, गुळगुळीत झालेल्या टायरचा असतो. एकाच पेडलने चारही चाके अडवणाऱ्या पलंगांत जोडदांडा झिजला की तीन चाके अडतात आणि चौथे फिरत राहते, पण पेडल मात्र पूर्ण दाबलेले दिसते. म्हणून पेडलवर विश्वास न ठेवता, रिकामा पलंग ब्रेक लावून चारही कोपऱ्यांकडून ढकलून पाहावा.

तेल मुळीच देऊ नये. कुरकुर बहुतेक वेळा आसाभोवती गुंडाळल्या गेलेल्या केसांमुळे आणि बँडेजच्या धाग्यांमुळे होते. तेलाने ते सुटत नाहीत, उलट धूळ धरतात, आणि ओघळलेले तेल टायरवर आले की ब्रेकही निकामी ठरतो. केस कापून चिमट्याने ओढून काढावेत. झोताच्या पाण्याने बेअरिंगमधील ग्रीस निघून जाते, त्यामुळे चाके ओल्या फडक्यानेच पुसावीत, आणि हायपोक्लोराइट हे जंतुनाशक वापरले असल्यास नंतर साध्या पाण्याने पुसून कोरडी करावीत, कारण त्याने धातू गंजतो. टायर एका बाजूने चपटा झाला असेल किंवा त्याला तडे गेले असतील, तर चाक बदलावे. खुंटी पलंगाच्या पायात हलत असेल, तर मात्र पलंग तत्काळ वापरातून काढावा. उंबरठ्यावरून नेताना असे चाक निखळून पडू शकते. नवे चाक त्याच व्यासाचे व तितकाच भार पेलणारे हवे.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट)
व्हीलचेअरबाबत एक वेगळी गोष्ट सांगते. तिच्या ब्रेकची पट्टी थेट टायरवर दाबली जात असल्याने, हवेच्या टायरमधील हवा कमी झाली की खटका बसूनही खुर्ची फिरते. ब्रेक सैल वाटला तर स्क्रू आवळण्याआधी हवा तपासावी. हा ब्रेक खुर्ची उभी ठेवण्यासाठी आहे, उतारावर वेग कमी करण्यासाठी नाही. तीव्र उतारावरून खुर्ची उलटी, म्हणजे मदतनीस खालच्या बाजूला राहील अशी उतरवावी. आणि रुग्ण उठण्यापूर्वी पायटे, म्हणजे पाय ठेवण्याच्या पट्ट्या, वर करायलाच हवेत. त्यांवर पाय देऊन उभे राहिल्याने खुर्ची पुढे उलटते.

उत्तर (जैववैद्यकीय अभियंता)
वरील मतांशी मी सहमत आहे, परंतु सारे लक्ष ब्रेकवरच गेले, असे वाटते. चाकांच्या उपकरणाचा दुसरा धोका उलटण्याचा आहे. आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग) ६०६०१-१ या सुरक्षा-मानकानुसार वैद्यकीय विद्युत उपकरण नेण्याच्या स्थितीत १० अंशांच्या कलावर उलटता कामा नये. मात्र ही अपेक्षा उत्पादकाने सांगितलेल्या मांडणीपुरतीच खरी असते. सलाइन स्टँडवर पंप उंच बसवले, किंवा पलंग उंच ठेवूनच लिफ्टच्या फटीवरून नेला, तर ती मांडणीच राहत नाही. जड पंप खाली बसवावेत, पलंग खाली घ्यावा, कठडे वर करावेत आणि फट ओलांडताना वेग अगदी कमी ठेवावा.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. ऑक्सिजन सिलिंडरच्या ट्रॉलीची चाके फार जड फिरतात. तिथेही ग्रीस टाळावे का?

उत्तर (देखभाल तंत्रज्ञ)
तिथे तर अधिकच काटेकोर राहावे. दाबाखालील ऑक्सिजनच्या संपर्कात तेल-ग्रीस पेट घेऊ शकते, म्हणून ग्रीसचे हात व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटरला लागता कामा नयेत. सिलिंडर उतरवून दुसरीकडे साखळीने बांधून ठेवावा, ट्रॉली कार्यशाळेत पाठवावी आणि चाके पुसून कोरडी झाल्यावरच परत आणावी.