ॲपवरून लॉगिनची मंजुरी: रिक्वेस्ट अडवून ठेवू नका

वेबसाइटवरचं लॉगिन फोनवरच्या ॲपमधून मंजूर करायचं असेल, तर ॲपमधून होकार येईपर्यंत सर्व्हरने ब्राउझरची रिक्वेस्ट तशीच धरून ठेवावी, असा एक उपाय सुचवला जातो. तो मला पटत नाही. फोन दुसऱ्या खोलीत असू शकतो. तेवढ्यात मधला प्रॉक्सी (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामधला मध्यस्थ) वाट पाहून टाइमआउट होतो आणि होकार आला तरी तो पोहोचवायला कुणी उरत नाही.

त्याऐवजी लॉगिनची 'प्रलंबित' अशी नोंद करा, तिला मुदत घाला, ब्राउझरला लगेच उत्तर द्या आणि ठरावीक अंतराने स्थिती विचारू द्या. ओऑथ या प्रवेश-परवानगीच्या मानकातला डिव्हाइस फ्लो, म्हणजे टीव्हीसारख्या उपकरणावरचं लॉगिन फोनवरून मंजूर करण्याची रीत (आरएफसी ८६२८ हा इंटरनेट मानकाचा दस्तऐवज, २०१९), असाच चालतो: विचारण्याचं अंतर दिलेलं नसेल तर ५ सेकंद, आणि 'स्लो डाउन' उत्तर आलं की आणखी ५ सेकंद वाढवायचे.

खरी काळजी सेशन (लॉगिन झाल्याची ब्राउझरला मिळणारी ओळख) देताना घ्यायची. नोंदीचा आयडी दुसऱ्याच्या हाती लागला तरी त्याला सेशन मिळता कामा नये. म्हणून ज्या ब्राउझरने सुरुवात केली त्याच्या कुकीत वेगळं गुपित ठेवा आणि शेवटी तेच तपासा. 'मंजूर'वरून 'वापरलं' हा बदल डेटाबेसच्या एकाच सशर्त अपडेटमध्ये (नोंद अजून 'मंजूर' असेल तरच) करा, नाहीतर एकाच वेळी आलेल्या दोन रिक्वेस्टना दोन सेशन मिळतील.

आणि कृपया ॲपमध्ये नुसतं 'हो' बटण ठेवू नका. हल्लेखोराने नोटिफिकेशनचा मारा केला की वैतागलेला माणूस ते दाबून मोकळा होतो. लॉगिनच्या पानावर दोन अंकी संख्या दाखवा, ती ॲपमध्ये टाइप करायला लावा. अर्थात खोटं पान तीही संख्या पुढे दाखवू शकतं. फिशिंगच (खोट्या पानाने होणारी फसवणूक) रोखायचं असेल तर पासकीकडे, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायच्या, खऱ्या साइटशीच बांधलेल्या डिजिटल किल्लीकडे वळावं लागेल.