इंटरफेसमागचं मानसशास्त्र: काय वाचलं, स्क्रीनवर काय उतरलं?

धागाकर्ती: पुण्यात ॲप-वेबसाइटची कामं करणारे इथे ढिगाने आहेत. इंटरफेसवरच्या (म्हणजे ॲपचा वापरणाऱ्याला दिसणारा भाग) पुस्तकांची नुसती यादी नको, कामात काय उपयोगी पडतं ते लिहा.

कर्वेनगरकर: डॉन नॉर्मनचं 'द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज'. मूळ पुस्तक १९८८चं, पण २०१३ची सुधारित आवृत्तीच घ्या. चुकांवरचं प्रकरण आधी वाचा. स्लिप म्हणजे मनात बरोबर, हात चुकला. मिस्टेक म्हणजे मनातच चुकीचं. स्लिपला 'खात्री आहे? होय/नाही' विचारून काही होत नाही, सवयीने बोट 'होय'वर जातंच. नोंद लगेच काढून टाका आणि काही सेकंद 'परत आणा' दाखवा. विचारायचंच असेल तर बटणावर क्रियापद हवं: 'बिल काढून टाका', 'राहू दे'.

हिंजवडी फेज २: वेळ कमी असेल तर थेट जेफ जॉन्सन, 'डिझाइनिंग विथ द माइंड इन माइंड'. हात लांब करून अंगठा धरा. नजरेला लख्ख दिसतं ते जेमतेम त्याच्या नखाएवढंच. नजर खाली 'पुढे जा'वर असते आणि आपण चुकीची सूचना पानाच्या डोक्यावर बारीक लाल अक्षरांत टाकतो. माणूस तेच बटण पुन्हा दाबत बसतो. सूचना चुकलेल्या रकान्याला चिकटूनच हवी.

एबीसीचं गिऱ्हाईक: 'मेन्यूत सातच गोष्टी हव्यात' म्हणत मानसशास्त्रज्ञ मिलरचा १९५६चा '७ अधिक-उणे २' लेख मीटिंगमध्ये फेकणाऱ्यांनी तो एकदा वाचावा! तो तात्पुरत्या स्मरणाबद्दल आहे. मेन्यू समोर दिसतोय, तो लक्षात कुठे ठेवायचाय? दुसरा मानसशास्त्रज्ञ कोवन, त्याने २००१मध्ये एका वेळी लक्षात राहणाऱ्या गोष्टींचा आकडा चारच्या आसपास आणला. हे लागू होतं ओटीपीला: एका स्क्रीनवर बघून दुसरीकडे भरायचे सहा अंक. ३-३ तोडून दाखवा, पेस्ट बंद करू नका.

सहकारनगर: वरची पुस्तकं रोमन लिपी धरून लिहिलेली. मराठीत लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) १.२ ठेवली तर वर रफार-अनुस्वार आणि खाली उकार छाटले जातात. १.५पासून सुरू करा. चाचणीला 'सर्वांची दुरुस्ती' टाका, एकाच ओळीत दोन्ही बाजू कळतात. बटणाची रुंदी ठोकून ठेवू नका. अँड्रॉइडवर बोटाने दाबायच्या जागेला किमान ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप).

स्वारगेट: स्टीव्ह क्रुगचं 'डोन्ट मेक मी थिंक' एका बैठकीत संपतं. महिन्यातून एक सकाळ, तीन माणसं ॲप वापरताना बघायची, एवढीच चाचणी तो मागतो. ऑफिसातली नकोत, बसपासच्या रांगेतलं कुणीही चालेल. फक्त मध्येच 'इथे दाबा' म्हणायचं नाही.

कर्वेनगरकर: +१. आणि एबीसीत (अप्पा बळवंत चौकात) जुनं पुस्तक घेताना आवृत्तीचं पान उघडून बघा. क्रुगची २०१४ची तिसरी, त्यात मोबाइल आहे.