कोळशाच्या जुन्या भट्टीत सापडणारा लोखंडाचा गोळा: अपघात की नेहमीचा गाळ?

छेदचित्र:
पेनसिल्व्हेनियातल्या होपवेलसारख्या (1771 ते 1883), लाकडी कोळशावर आणि थंड (न तापवता फुंकलेल्या) हवेवर चालणाऱ्या, खनिजातून लोखंड गाळणाऱ्या दगडी भट्टीचं छेदचित्र करतोय. अशा पडक्या भट्ट्यांच्या कुंडात (तळाच्या, वितळलेलं लोखंड साठण्याच्या जागेत) लोखंडाचा भला मोठा गोळा मिळाला की "भट्टी गोठली आणि गाव उठलं" असं सरसकट लिहितात. प्रत्येक गोळा अपघाताचाच असतो का? आणि गोठते म्हणजे नेमकं काय होतं?

भातेकरी:
आधी मळी (खनिजातला लोखंडाव्यतिरिक्तचा वितळलेला भाग) गोठते, लोखंड नंतर. बीड (भट्टीतून निघणारं ओतीव लोखंड) सुमारे 1150 अंश सेल्सिअसला वितळतं, मळीला त्याहून जास्त उष्णता लागते. कुंड जरा थंडावलं की मळी चिकट होते, हवेच्या तोटीपुढे तिचा थर धरतो. वारा कमी, म्हणून उष्णता आणखी कमी. एकदा हे चक्र लागलं की थांबवणं अवघड.

कारणं बहुतेक वेळा साधीच: ओढ्याचं पाणी आटलं किंवा गोठलं आणि भाते चालवणारं पाणचक्र मंदावलं; कोळसा भिजला; खनिजाचा भार जास्त पडला; कोळशाचा चुरा जास्त झाला आणि हवा वर चढेना. चुऱ्याचं दुखणं मोठं. लाकडी कोळसा ठिसूळ, वरच्या भाराखाली चुरडतो. म्हणून या भट्ट्या साधारण 30 फुटांच्या आसपासच राहिल्या. वरच्या तोंडापाशी छपराखालची जागा आणि कोळशाचं कोठार असायचं ते माल कोरडा राहावा म्हणून.

इशारा मळी देते. काचेसारखी, हिरवट-करडी, सहज वाहणारी मळी चांगली. काळी आणि जड मळी यायला लागली की लोखंड मळीतून वाया चाललंय. मग खनिज कमी करून कोळसा तेवढाच ठेवायचा. पण वरून टाकलेला माल खाली पोचायला कित्येक तास लागतात. काळी मळी दिसल्यावर जागं होणारा भट्टीवाला उशिराच जागा झालेला असतो.

ओतीव:
वरचं पटतं, पण मूळ प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे. लोखंड काढायचं भोक तळाच्या वर असतं, त्यामुळे भट्टी रीतसर विझवली तरी खाली थोडं बीड उरतंच. शिवाय तळाचे दगड झिजून खड्डा पडला की तो थर जाड होतो. फरक असा ओळखा:

तळाशी सपाट, घट्ट, भोकाच्या पातळीखाली थांबलेला थर म्हणजे नेहमीचा गाळ. तोटीपर्यंत चढलेला, आत कोळशाचे तुकडे, अर्धवट खनिज आणि मळी अडकलेला ओबडधोबड गोळा म्हणजे गोठण. मोडलेल्या तुकड्याचा रंगही पाहा: गार चाललेल्या भट्टीचं बीड मोडल्यावर पांढरं दिसतं, गरम चाललेल्या भट्टीचं करडं. चुंबकावर विसंबू नका, मळीत अडकलेले लोखंडाचे थेंबही त्याला चिकटतात.

छेदचित्र:
मग गोठलेली भट्टी पुन्हा पेटवता यायची का?

भातेकरी:
यायची. पुढची भिंत आणि बांधाचा दगड (कुंडाच्या तोंडाशी वितळलेलं लोखंड अडवणारा) काढून, छिन्नी-पहारीने गोळा फोडून बाहेर ओढायचा. कुंडाचे दगड नवे बसवावे लागत, मग हळूहळू वाळवून पेटवायची. ओल राहिली तर वाफेने दगड तडकतात. चित्रात बांधाचा दगड वेगळा दाखवा, तो काढून बदलता येतो.