रंग-रूपाचा न्यूनगंड : दोष फोनचा की आपल्या बोलण्याचा?

सावळी (फोंडा)

आमच्या गावच्या जत्रेतील नाटकात यंदा माझ्या सोळा वर्षांच्या भाचीला नायिकेची भूमिका मिळाली. रंगभूषा करणाऱ्या काकांनी तिच्या चेहऱ्यावर मूळ वर्णापेक्षा कितीतरी उजळ थर चढवला. मान आणि हात मात्र तिचेच राहिले, म्हणून तिला लांब बाह्यांचे पोलके घालून पदर गळ्याशी ओढून घ्यायला सांगितले. प्रयोग उत्तम झाला. नंतर शेजारच्या काकूंनी कौतुकाने म्हटले, "किती गोरी दिसत होतीस गो, ओळखलीच नाही!" ती तोंड धुवायला गेली, ती बराच वेळ परतलीच नाही.

मुलांच्या न्यूनगंडाचे खापर आपण सर्रास फोनवर फोडतो. 2020 मध्ये 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून 'फेअर' गेले, परंतु 'मुलगी रंगाने जरा डावी' हे शब्द आपल्या ओसरीवरून गेलेले नाहीत. माझ्या मते मूळ तेथे आहे.

डिचोलकर

आपला अनुभव खरा आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. नावे ठेवणाऱ्या आत्या-मावश्या आमच्या पिढीलाही होत्या, पण त्या चतुर्थीला आणि जत्रेला भेटत, चोवीस तास खिशात राहत नव्हत्या. फिजीच्या एका भागात 1995 मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. जेथे भरलेले अंग हे माणसाला घरच्यांनी नीट सांभाळल्याचे लक्षण मानले जाई, तेथे तीनच वर्षांत काही शाळकरी मुली वजन उतरवण्यासाठी मुद्दाम ओकाऱ्या काढू लागल्याचे ॲन बेकर या संशोधिकेला आढळले. घरची माणसे तीच होती, नवा आला तो पडदा. शिवाय 2021 मध्ये उघड झालेल्या फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांनुसार, स्वतःच्या शरीराविषयी वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटल्याचे 32 टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितले होते.

पेडणेकर

मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील एक तृतीयांशाहून अधिक स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. 'आहे तसे स्वतःला स्वीकारा' असे सांगत राहिलो, तर घराघरांतल्या मधुमेहाविषयी कोणी बोलायचे? भात थोडा कमी घे, असे आईने म्हणणे हा अपमान नव्हे.

सावळी (फोंडा)

पेडणेकर, आईने स्वयंपाकघरात सांगणे आणि भर पंगतीत चारचौघांनी 'किती सुटलीस' म्हणणे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारानंतर मुलगी भात नव्हे, पंगतीला येणे सोडते, हे मी घरात पाहिले आहे. आणि सावळ्या रंगाला तर कोणताही मधुमेह होत नाही.

डिचोलकर, फिजीचे उदाहरण मला अस्वस्थ करून गेले आणि पडद्याची ताकद मी कमी लेखली, हे मान्य करते. तरीही तेथे पडद्याने घरच्या समजुतीला धक्का दिला, आपल्याकडे तो घरच्याच समजुतीला दुजोरा देतो. गोरेपणाची हाव आपल्याकडे फोनच्या कितीतरी आधीची आहे. भाची जेव्हा फोनमधील फिल्टरने चेहरा उजळ करते, तेव्हा ती रंगभूषेच्या काकांनी केले तेच करत असते, आणि त्या काकांना आपण बिदागी देतो.

पुढील वर्षीच्या नाटकासाठी मी दिग्दर्शकांशी बोलले. दिव्यांच्या उजेडात सावळा चेहरा उठून दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. रंग लावूच नये असा माझा हट्ट नाही. तो तिच्या मानेशी जुळावा, एवढेच मागणे आहे. तशी पॅनकेकची डबी म्हापशाच्या बाजारात मिळते, मी स्वतः पाहून आले आहे.