मदत हवी आहे: सिक्युरिटी क्लिअरन्सची कुठली पातळी मागावी? शुक्रवारपर्यंत कळवायचंय

घाईत_आहे:
अमेरिकेतल्या सरकारी कामांची माहिती असणाऱ्यांनी प्लीज लवकर उत्तर द्या. मला एका कंत्राटदार कंपनीकडून डेटा इंजिनिअरच्या जागेची ऑफर आली आहे. काम केंद्र सरकारच्या एका खात्याचं आहे. पत्रात 'क्लिअरन्स मिळण्याच्या अटीवर' असं लिहिलंय, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायची सरकारी परवानगी. मला कळत नाहीये की यातली कुठली पातळी मागू. एकदाच खटपट करायची तर सरळ टॉप सिक्रेटचा अर्ज करावा, म्हणजे पुढे प्रश्न नको, असं वाटतंय. फी किती असते आणि किती दिवस लागतात? शुक्रवारी दुपारपर्यंत कंपनीला होकार द्यायचा आहे. रिक्रूटर फोन उचलत नाही.

पोटोमॅककाठी:
आधी दोन गोष्टी सांगा. तुम्ही अमेरिकन नागरिक आहात का? आणि पत्रातला नेमका शब्द काय आहे? 'सिक्रेट' लिहिलंय, 'टॉप सिक्रेट' लिहिलंय की 'पब्लिक ट्रस्ट'? या दोन उत्तरांशिवाय पुढचं सगळं हवेत आहे.

दुपारचा_चहा:
ताई, भारतातून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागेल. पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, इथे असाल तर वकिलातीमार्फत अर्ज करायचा. माझ्या भाच्याला कॅनडाच्या पीआरसाठी लागलं होतं. बोटांचे ठसे नीट द्या, त्याचे दोनदा परत आले होते.

पोटोमॅककाठी:
@दुपारचा_चहा ते वेगळं प्रकरण आहे हो. इथे ते सर्टिफिकेट कुणी मागत नाही. चौकशी अमेरिकन सरकार स्वतः करतं.

घाईत_आहे:
नागरिक आहे, अर्थातच, नाहीतर ऑफर कशी आली असती? पत्रात 'सिक्रेट' आहे. पण माझा प्रश्न फी आणि पातळीचा होता.

पोटोमॅककाठी:
'अर्थातच' नाही हो, इथे अर्धे लोक ग्रीनकार्डवर विचारतात, म्हणून विचारलं. आता क्रमाने सांगतो.

पातळी तुम्ही निवडत नाही. ती जागेला चिकटलेली असते. त्या कामात कुठल्या दर्जाची गोपनीय माहिती हाताळावी लागेल, त्यावरून खातं ठरवतं. तुमची जागा सिक्रेटची असेल तर टॉप सिक्रेटचा अर्ज तुम्ही मागूनही कुणी पुढे पाठवणार नाही. मुळात स्वतःहून अर्ज करताच येत नाही. सरकारी खातं किंवा त्याची कंत्राटदार कंपनी तुमचं नाव पुढे करते, तेव्हाच फॉर्म उघडतो. आणि फी शून्य. चौकशीचा खर्च सरकार करतं. कुणी तुमच्याकडून पैसे मागितले तर तिथेच थांबा.

पातळ्या तीन: कॉन्फिडेन्शियल, सिक्रेट, टॉप सिक्रेट. २००९च्या कार्यकारी आदेश १३५२६मध्ये त्यांची व्याख्या आहे. माहिती फुटली तर देशाच्या सुरक्षेला 'हानी' होईल ती पहिली, 'गंभीर हानी' होईल ती दुसरी, 'अत्यंत गंभीर हानी' होईल ती तिसरी. एससीआय ही चौथी पातळी आहे असं लोक म्हणतात, ते चूक. ती गुप्तचर माहितीच्या कप्प्यांसाठी दिली जाणारी जास्तीची परवानगी आहे. ऊर्जा खात्याची नावं निराळी: एल आणि क्यू.

मेतकूटभात:
पब्लिक ट्रस्टचं पण सांगा की. माझ्या मैत्रिणीने वर्षभर लोकांना 'मला क्लिअरन्स आहे' असं सांगितलं आणि नंतर दुसऱ्या मुलाखतीत अडचणीत आली.

पोटोमॅककाठी:
बरोबर. पब्लिक ट्रस्ट म्हणजे क्लिअरन्स नव्हे. करांचे किंवा आरोग्याचे रेकॉर्ड, पगाराच्या सिस्टिम अशा नाजूक पण गोपनीय नसलेल्या कामांसाठीची ती तपासणी. तिचा फॉर्म एसएफ ८५पी. क्लिअरन्सचा एसएफ ८६, जो बराच मोठा आहे. पब्लिक ट्रस्टच्या कंत्राटी जागांवर काही खाती ग्रीनकार्डधारकांना घेतात. क्लिअरन्सला मात्र नागरिकत्व लागतं.

सरळबोला:
तुम्ही सगळे तिला उगाच आशेला लावताय. भारतात नातेवाईक असले की हे होत नाही. मी स्वतः अनुभव घेतला आहे. एका कंपनीने चार महिने ताटकळत ठेवलं आणि मग ऑफर मागे घेतली. सध्याची नोकरी सोडू नका. खासगी कंपनीत जा, पगारही जास्त मिळतो.

अक्षांश_रेखांश:
@सरळबोला तुमची ऑफर क्लिअरन्स नाकारल्यामुळे गेली की कंपनीचं कंत्राटच रद्द झालं? हे दोन फार वेगळे प्रकार आहेत.

सरळबोला:
कंपनीने कारण सांगितलं नाही. पण मला कळत होतं.

अक्षांश_रेखांश:
नाकारताना सरकार लेखी कारणं देतं आणि त्याला उत्तर द्यायची संधी असते. तुम्हाला असं काही पत्र आलं नसेल तर नाकारलंच नव्हतं. मी अकरा वर्षं क्लिअरन्सवर काम करतोय. आई-वडील आणि भाऊ पुण्यात आहेत. 'परदेशी प्रभाव' हा क्लिअरन्स ठरवायच्या १३ निकषांपैकी एक आहे, हे खरं. २०१७पासून लागू असलेल्या निर्देशात ते १३ दिले आहेत: निष्ठा, परदेशी प्रभाव, परदेशाला झुकतं माप, आर्थिक वागणूक, अमली पदार्थ, दारू वगैरे. पण निर्णय एका मुद्द्यावर नाही, संपूर्ण माणूस बघून होतो. नातं आहे म्हणून नाही, त्या नात्यातून कुणी तुमच्यावर दबाव आणू शकतं का, हे बघतात.

सरळबोला:
तुमचं झालं म्हणून सगळ्यांचं होतं असं नाही.

अक्षांश_रेखांश:
तुमचं अडलं म्हणून सगळ्यांचं अडतं असंही नाही.

वकीलसाहेबांची_मुलगी:
माझा आग्रह आहे की पहिल्या दिवसापासून वकील घ्या. या विषयातले खास वकील असतात. फॉर्म भरण्याआधीच त्यांना दाखवा.

पोटोमॅककाठी:
सगळ्यांना गरज नसते. गुंतागुंत असेल तर जरूर घ्यावा. घाईत_आहे, गुंतागुंत आहे का काही? मालमत्ता, खाती, जवळचे कुणी सरकारी नोकरीत?

घाईत_आहे:
विशेष काही नाही. बाबांबरोबर माझं एक जॉइंट खातं आहे, पीपीएफ आहे, आणि फ्लॅटवर दुसरं नाव माझं आहे. दीर भारतीय सैन्यात आहेत, पण त्यांचा या सगळ्याशी काय संबंध? नवरा ग्रीनकार्डवर आहे. मी नागरिक होऊन दोन वर्षं झाली, ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, मूळच्या भारतीयांना मिळतं ते) काढलंय.

पोटोमॅककाठी:
हे सगळं पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. 'विशेष काही नाही' म्हणताय, पण फॉर्ममधली चार वेगवेगळी प्रकरणं यात आली.

नुसता_वाचक:
एक सल्ला देऊ? दिराचं नाव टाकूच नका. कोण शोधायला बसलंय? सगळं लिहिलं की उलट प्रश्न वाढतात.

अक्षांश_रेखांश:
हा सल्ला कृपया कुणीही पाळू नये. एसएफ ८६वर जाणूनबुजून खोटं लिहिणं किंवा लपवणं हा केंद्रीय गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. आणि खटला नाही झाला तरी क्लिअरन्स जातं ते लपवल्यामुळे. दीर सैन्यात असणं ही समजावता येणारी गोष्ट आहे. त्यांना लपवणं ही समजावता येत नाही. चौकशी अधिकारी तुमच्याशी बोलतील, शेजाऱ्यांशी, जुन्या सहकाऱ्यांशीही बोलू शकतात.

नुसता_वाचक:
मी सहज म्हटलं. माझ्या साडूने असंच केलं होतं, काही झालं नाही.

अक्षांश_रेखांश:
'अजून' झालं नाही. आता चौकशी एकदाच होऊन संपत नाही. पूर्वी सिक्रेटची फेरचौकशी १० वर्षांनी आणि टॉप सिक्रेटची ५ वर्षांनी व्हायची. आता सतत पडताळणी चालू असते, अटक, कर्जबुडवेपणा वगैरे नोंदी आपोआप समोर येतात.

घाईत_आहे:
लपवायचा माझा विचार कधीच नव्हता. पण दीर कुठे लिहायचे हे तरी सांगा. नातेवाइकांच्या यादीत नवऱ्याचा भाऊ दिसला नाही.

पोटोमॅककाठी:
बरोबर बघितलंत. त्या यादीत आई-वडील, भावंडं, मुलं, सासू-सासरे येतात. दीर-नणंदा नाहीत. पण पुढे परदेशी संपर्कांचा भाग आहे. गेल्या ७ वर्षांत ज्या परदेशी नागरिकांशी तुमचा किंवा नवऱ्याचा जवळचा किंवा सततचा संबंध आहे, आपुलकीचा, हितसंबंधांचा किंवा बांधिलकीचा, ते सगळे तिथे. दिवाळीला व्हिडिओ कॉल, वाढदिवसाला मेसेज, म्हणजे दीर तिथे आले. त्यांचा सेनेशी असलेला संबंध तिथे विचारतात, तो स्पष्ट लिहा. किती वेळा बोलता, कशावर बोलता, हेही. बाबांचं नाव नातेवाइकांत. फ्लॅट, जॉइंट खातं, पीपीएफ परदेशी आर्थिक हितसंबंधांत.

मेतकूटभात:
खात्यांवरून आठवलं, एफबार (परदेशी खात्यांची अमेरिकन सरकारला द्यायची माहिती) भरता का? परदेशी खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर तो लागतो. आमच्या ओळखीत सगळ्यांना वाटतं जॉइंट खातं म्हणजे बाबांचंच.

घाईत_आहे:
नाही भरलेला. बाबांचे पैसे आहेत म्हणून मी विचारच केला नाही.

वकीलसाहेबांची_मुलगी:
म्हणून मी वकील म्हणत होते! निदान सीपीए (इथला सनदी लेखापाल) तरी गाठा. उशिरा का होईना, आधी भरून टाका, मग फॉर्ममध्ये त्याबद्दल खरं लिहा. आर्थिक बाबतीतल्या चुका सगळ्यात जास्त त्रास देतात, आणि स्वतःहून दुरुस्त केलेली चूक वेगळ्या नजरेने बघतात.

पोटोमॅककाठी:
इथे मी तुमच्याशी पूर्ण सहमत. आधी सीपीए.

रात्रपाळी:
मला त्या २०१५च्या घटनेबद्दल बोलायचंय. अमेरिकन सरकारच्या कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयातून २ कोटी १५ लाख लोकांच्या चौकशीच्या नोंदी चोरीला गेल्या होत्या. बोटांचे ठसेसुद्धा. आपण दिराचा पत्ता त्या फॉर्मवर लिहायचा आणि उद्या तो कुणाच्या हातात पडेल? सैन्यातल्या माणसाचा!

अक्षांश_रेखांश:
चिंता रास्त आहे, मी स्वतः त्या यादीत होतो, पत्र आलं होतं. पण त्याचं उत्तर नाव गाळणं हे नाही. आता चौकशांचं काम वेगळ्या संस्थेकडे, डीसीएसएकडे आहे आणि फॉर्म ई-अ‍ॅप या नव्या प्रणालीवर भरतात.

दुपारचा_चहा:
ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व झालं ना? मग फॉर्मवर तसं लिहावं लागेल. माझ्या भाच्याने...

पोटोमॅककाठी:
नाही. दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं, १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९. ओसीआयला मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, भारतीय पासपोर्ट नाही. नावात 'सिटिझन' आहे म्हणून घोटाळा होतो. फॉर्मवर नागरिकत्व सोडल्याचं लिहा, पासपोर्ट जमा केल्याची कागदपत्रं जपून ठेवा, आणि टिप्पणीच्या जागेत ओसीआय काय आहे ते दोन वाक्यांत लिहा. कुणी विचारेल याची वाट बघू नका.

सरळबोला:
मी माझं म्हणणं मागे घेत नाही, पण एवढं सगळं प्रामाणिकपणे लिहिणार असाल तर एकदा बघा करून. फक्त जुनी नोकरी सोडू नका.

अक्षांश_रेखांश:
हे मात्र शंभर टक्के. मुदतीचा शब्द कुणी देऊ शकत नाही, तुमच्यासारख्या प्रकरणात जास्तच वेळ लागतो. कंपनीला दोन प्रश्न विचारा: तात्पुरतं क्लिअरन्स आल्यावर काम सुरू करता येतं का, आणि ते येईपर्यंत दुसऱ्या साध्या कामावर ठेवणार का? ऑफरला होकार दिल्याने नोकरी सुरू होत नाही, त्यामुळे शुक्रवारची एवढी धास्ती घेऊ नका.

घाईत_आहे:
रिक्रूटरशी आत्ता बोलणं झालं. जागा सिक्रेटचीच आहे, फॉर्म ते उघडून देणार, तात्पुरतं क्लिअरन्स आलं तरच रुजू व्हायचं. तोपर्यंत मी इथली नोकरी सोडत नाही. सीपीएची सोमवारची वेळ घेतली. नवऱ्याने दिरांना फोन करून विचारलं, ते म्हणाले, नाव दे, पण मला माझ्या वरिष्ठांना कळवावं लागेल.

फॉर्मवर पत्ते आणि नोकऱ्या गेल्या १० वर्षांच्या लागतात असं रिक्रूटर म्हणाली. परदेश प्रवासाच्या तारखा मला पाठ नाहीत, दरवर्षी जातो आम्ही.

मेतकूटभात:
जुना भारतीय पासपोर्ट रद्द करून परत दिला असेल ना? त्यावर शिक्के आहेत. उरलेलं ईमेलमध्ये तिकिटं शोधून मिळेल. प्रवास गेल्या ७ वर्षांचा लागतो.

घाईत_आहे:
आहे, कपाटात आहे. आज रात्री बसते घेऊन.